घड्याळ म्हणतं एल्बिओ चालत नाही

एल्बिओ रोज चालायचा. मोंतेविदेओतल्या पालेर्मो वस्तीत ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नव्हती. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीला ठाऊक होती, राम्बलाच्या, म्हणजे नदीकाठच्या रस्त्याच्या, कठड्यावर गळ टाकून बसणाऱ्यांना ठाऊक होती, चार-चार कुत्री एका दोरीला बांधून फिरवणाऱ्या पोरींनाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकट्या त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला. आणि पंचाईत अशी, की त्याच्या मुलाचा विश्वास होता तो घड्याळावर.

मुलगा फाब्रिसिओ स्पेनमध्ये, मालागाला. गेला तेव्हा दोन वर्षांत परत येतो म्हणाला होता. आता त्याच्या दाढीत पांढरे केस आलेत. मागच्या हिवाळ्यात त्याची आई, सुल्मा, गेली तेव्हा तो आला, रडला, आठवडाभर राहिला, आईची कपाटं आवरली आणि परत गेला. त्यानंतर एल्बिओने दार लावून घेतलं. खोटं कशाला बोला, वाईटच दिवस होते ते. पडदे ओढलेले, दाढी वाढलेली, जेवण म्हणजे कालचा पाव. शेवटी तळमजल्यावरच्या डोन्या नोएमीने मालागाला फोन करून कळवलं, "तुझा बाप बाहेर पडत नाही रे. दूधसुद्धा माझ्याकडून मागवतो." आता नोएमीच्या पोटात काही राहत नाही हे खरं, पण बाई खोटं बोलली नव्हती.

झालं, मालागाहून घड्याळ आलं.

"बाबा, हे हातात घाल," फाब्रिसिओ फोनवर म्हणाला. "ते तुझी पावलं मोजतं, मला इथे दिसतं. रोज बाहेर पडलास, चाललास, तर राहा तुझ्या घरात. नाही जमलं तर ऊनियोन वस्तीतला एक वृद्धाश्रम मी बघून ठेवलाय. चांगली माणसं आहेत. जूनअखेर ठरवू."

"मी काय कैदी आहे का, बेडी घालायला?"

"बेडी पायात असते, बाबा. हे हातात आहे."

एल्बिओने घड्याळ घातलं. त्याला दुसरा मार्ग नव्हता. ते घर म्हणजे काही राजवाडा नव्हता. दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर, आणि चौथा मजला चढेस्तोवर दमछाक. पण त्या स्वयंपाकघरातला दुसरा खण उघडायचा तर खालून गुडघ्याने उचलावा लागतो, ही गोष्ट जगात फक्त दोन माणसांना माहीत होती. त्यातलं एक गेलं. दुसऱ्याने ऊनियोनला जाऊन परक्यांच्या खणांतून चमचे काढावेत, हे काही एल्बिओच्या गळी उतरेना. म्हणून त्याने दाढी केली, कोट चढवला, थर्मास काखोटीला मारला, माटे प्यायचा तुंबा हातात घेतला आणि जिना उतरला.

रस्ता जुनाच. सुल्मा होती तेव्हा दोघं रोज जायचे तो. घरापासून उतारावरून खाली राम्बलाला, मग नदीच्या कडेकडेने थेट दीपगृहापर्यंत, तिथल्या दगडावर थोडं टेकायचं, आणि परत. चालता चालता तो तुंब्यातल्या कडू पाल्यावर गरम पाणी ओतणार, एक माटे त्याचा, एक तिचा. त्या गावात निम्मे लोक असेच चालतात. काखेत थर्मास नसलेला माणूस दिसला तर लोक विचारतात, बरं नाही का?

पहिल्या रविवारी दुपारी फोन आला. एल्बिओ शाबासकी घ्यायला अगदी तयार बसला होता.

"बाबा, तू चाललाच नाहीस."

"काय?"

"बोटांवर मोजण्याइतकी पावलं आहेत. घरातल्या घरात, संडासाला जाऊन आल्याची."

"अरे, मी रोज दीपगृहापर्यंत जातोय!"

"बाबा..."

"बेकरीवालीला विचार!"

"बेकरीवाली मला कशी सापडणार इथून? हे बघ, मी रागावत नाहीये. नाही जमत तर नाही जमत म्हण. पण खोटं नको बोलूस."

सबंध आयुष्य त्याने बसमध्ये कंडक्टरकी केली होती. माणसं चढताना मोजायची, उतरताना मोजायची, आणि त्या मोजणीत एकदाही कुणी खोट काढली नव्हती. आता मोजून घ्यायची पाळी त्याची आली, आणि पोटचं पोरगं साक्षीला घड्याळ आणून त्याला खोटं पाडत होतं. हे त्याला फार लागलं. फोन ठेवल्यावर, समोर कुणी नव्हतं तरी, तो म्हणाला, "ऐकलंस?"

दुसऱ्या दिवशी त्याने घड्याळ मिल्टनकडे नेलं. मिल्टनचं दुकान मोठ्या रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत, आतल्या बोळात. दुकान कसलं, खोपटंच. मिल्टन आत शिरला की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं. फोन, घड्याळं, कानात घालायची यंत्रं, सगळं दुरुस्त करतो अशी पाटी होती. करायचा की नाही ते वेगळं, पण बोलायला गोड होता.

"पावलं मोजत नाही?" मिल्टनने घड्याळ उलटंपालटं केलं. "बंद करून चालू केलंत?"

"केलं."

"पट्टा घट्ट बांधता?"

"हात काळानिळा होईपर्यंत."

मग मिल्टनने घड्याळाची पाठ स्पिरिटने पुसली. आतला प्रोग्राम नवा घातला. फोनशी असलेली त्याची सोयरीक तोडली आणि पुन्हा जुळवली. एल्बिओचं वजन, उंची, जन्मसाल सगळं नव्याने भरलं, आणि उंची विचारताना म्हणाला, "आताची सांगा, लग्नाच्या वेळची नको." मधेमधे तो माटे करून देत होता. एल्बिओ तीन प्यायला आणि तिसरा तुंबा परत करताना म्हणाला, "ग्रासियास." तसा मिल्टनने तुंबा बाजूला ठेवला. तिथे हे असंच असतं. पिणारा आभार मानत नाही तोवर पाजणाऱ्याने ओतत राहायचं. आभार मानले की त्याला पुरे झालं.

त्या आठवड्यात एल्बिओ पाय दुखेपर्यंत चालला. रविवारी आकडा तसाच.

"बाबा, कुणाला फसवतोयस?" फाब्रिसिओ म्हणाला. या वेळी आवाजात राग नव्हता, कीव होती, आणि ती रागापेक्षा वाईट.

मिल्टनलाही आता ईर्ष्या चढली. "काढा ते. मी स्वतःच बघतो." त्याने घड्याळ आपल्या मनगटावर बांधलं, दुकानावर लक्ष ठेवायला शेजारच्या चावीवाल्याला सांगितलं, सवयीने आपला थर्मास काखेत मारला, तुंबा हातात घेतला, आणि बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगला रमतगमत हिंडून आला. परत येऊन दोघांनी घड्याळात डोकं घातलं. शून्यच म्हणायचं.

"मेलंय," मिल्टन म्हणाला. "आतूनच गेलंय. डॉन एल्बिओ, मी शपथेवर सांगतो, मी चाललो. तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग झालं तर. आपण दोघंही चालत नाही."

दोघं हसले. एल्बिओ त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हसला. पण घरी येऊन जिना चढताना त्याच्या लक्षात आलं, की जून निम्मा सरलाय आणि त्याच्या बाजूने बोलणारं मालागात कुणी नाही.

उलगडा झाला तो रक्त तपासायच्या दिवशी. दवाखान्यातून ताकीद होती, उपाशीपोटी या, माटेसुद्धा नाही. तेव्हा थर्मास घरी राहिला. एल्बिओ दवाखान्यात चालत गेला आणि चालत आला, आणि सगळी वाट त्याला आपला डावा हात परक्याचा असल्यासारखा वाटत होता. नुसता लोंबतोय, पुढेमागे होतोय. त्याचं करायचं काय ते कळेना. घराच्या कोपऱ्यावर मनगटाला गुदगुली झाली. घड्याळावर फटाके फुटत होते! लाल, पिवळे, आणि खाली अभिनंदन.

एल्बिओ भर रस्त्यात उभा राहिला. बेकरीवाली दारात आली. "काय झालं, डॉन एल्बिओ?"

"चाललो!" तो म्हणाला. "मी चाललो!"

"रोजच चालता की," ती म्हणाली आणि आत गेली.

त्याला वाटलं, मिल्टनचं औषध उशिरा लागू पडलं. दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन ऐटीत दीपगृहापर्यंत गेला. घड्याळ मुकं. तिसऱ्या दिवशीही मुकं. चौथ्या दिवशी दगडावर टेकून तुंब्यात पाणी ओतताना त्याने सहज डाव्या हाताकडे पाहिलं. थर्मास दाबून धरलेला दंड, छातीशी दुमडलेला हात, बोटांत तुंबा. इतका वेळ चालून आला तरी तो हात खिळ्याने ठोकल्यासारखा जागच्या जागी. घड्याळाला बिचाऱ्याला पाय दिसत नाहीत. हात हलला तर त्याला कळणार माणूस चालतोय म्हणून.

मिल्टनला सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला. "थर्मास! आणि मी गाढव, मीसुद्धा थर्मास घेऊनच हिंडलो!" चावीवाल्याला हाक मारून त्याने ते पुन्हा सगळं सांगितलं, आणि चावीवाल्याच्याही काखेत थर्मास होता. त्या बोळात त्या दिवशी कुणी काम केलं नाही.

"सोपं आहे," मिल्टन डोळे पुसत म्हणाला. "उजव्या हातात बांधा. थर्मास डावीकडे, घड्याळ उजवीकडे. कटकट मिटली."

घड्याळ उजव्या मनगटावर आलं. एल्बिओ दीपगृहापर्यंत गेला, परत आला. आकडा हलला नव्हता.

आता मात्र एल्बिओ घाबरला. इतके दिवस घड्याळाचा दोष होता, मग थर्मासाचा झाला. आता दोष द्यायला त्याच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. त्याला वाटलं, आपणच नाही ना संपलो? आपण चालतोय असं आपल्याला नुसतं वाटतंय, असं तर नाही? एकटा माणूस असले विचार करतो. दुसरं कुणी घरात असतं तर म्हणालं असतं, खुळ्यासारखं बोलू नकोस, आणि तेवढ्यावर ते संपलं असतं.

"चला," मिल्टन म्हणाला. जेवायची सुट्टी होती, त्याने दुकान ओढून घेतलं. "तुम्ही पुढे व्हा, रोज चालता तसे. मी मागून येतो. बघूच काय ते."

एल्बिओ पुढे, मिल्टन मागे. मोठ्या रस्त्यावर दुपारची गर्दी, लोक वाट काढत जात होते. थोडं अंतर गेल्यावर मिल्टनने हाक मारली.

"डॉन एल्बिओ, तुम्ही उजवा हात असा का धरता?"

"कसा?"

"असा काय. बघा ना."

शेजारी चपलांच्या दुकानाची मोठी काच होती. एल्बिओने पाहिलं. काचेत एक म्हातारा उभा होता. डाव्या काखेत थर्मास. उजव्या हाताचा पंजा कोटाच्या खिशात, आणि कोपर बाहेर काढलेलं, अंगापासून थोडं लांब. आपला हात कुणी त्यात घालावा म्हणून जागा करून ठेवतात, तसं.

"खांदा आखडलाय का?" मिल्टनने विचारलं.

"नाही. सवय आहे."

मिल्टन काचेकडे बघत राहिला, मग एल्बिओकडे, आणि मग त्याने नजर खाली घेतली. "हात खिशातून काढा," तो हळूच म्हणाला. "मोकळा सोडा. मोजेल ते." आणि खांद्यावर थाप मारून जेवायला गेला.

एल्बिओ तसाच राम्बलाला उतरला. हात खिशातून काढला आणि मोकळा सोडला. हात पुढे गेला, मागे आला. गळ टाकून बसलेल्यांच्या पाठीमागून तो चालत राहिला, आणि घड्याळ मोजायला लागलं. इतकं सोपं होतं. मनगटाला गुदगुली होऊन फटाके फुटले तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. घर वाचलं होतं.

पण कोपराच्या आतल्या बाजूने गार वारा लागत होता. कोटाला तिथे कधी वारा लागलेला नव्हता.

पुढे रस्ता वळतो तिथे दक्षिणेचा वारा थेट अंगावर येतो. तिथे पोचलं की सुल्मा दोन्ही हातांनी त्याचं कोपर धरायची आणि दर खेपेला तेच म्हणायची, "धर मला एल्बिओ, नाहीतर आज मी ब्राझीलला पोचते." तो दर खेपेला म्हणायचा, "पोचलीस की पत्र टाक." वळणावर आज वारा आला, आणि एल्बिओचा हात आपणहून खिशात गेला. कोपर बाहेर आलं. घड्याळ थांबलं. त्याने हात पुन्हा बाहेर काढला; दहा पावलांवर हात पुन्हा खिशात. असं तीनदा झालं, मग तो कठड्याला टेकला आणि रडला. गळवाल्यांनी माना फिरवल्या नाहीत; ती त्यांची माणुसकी.

शेवटच्या सकाळची गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. सुल्मा पलंगावर उशीला टेकून बसली होती, चेहरा बरा होता. त्याने एक माटे दिला, तो ती प्यायली. तुंबा परत दिला तेव्हा ती काही बोलली नाही. ग्रासियास म्हणाली नाही. म्हणजे तिला आणखी हवा होता. थर्मासातलं पाणी कोमट झालं होतं म्हणून तो नवं पाणी तापवायला स्वयंपाकघरात गेला. पाणी उकळू द्यायचं नसतं, पाला जळतो. तो भांड्याजवळ उभा राहिला. परत आला तेव्हा ती गेलेली होती.

लोक म्हणाले, सोड आता. डोन्या नोएमी म्हणाली, फाब्रिसिओ म्हणाला, दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या. कसं सोडणार? तिने पुरे म्हटलं नव्हतं. जिने पुरे म्हटलं नाही तिच्यासाठी ओतत राहायचं असतं, इतकंच त्याला कळत होतं. म्हणून तो अजूनही एक माटे आपला प्यायचा आणि एक तिचा, तिचाही आपणच, आणि कोपर बाहेर धरून चालायचा. हात आपणहून तसं करत होता हे त्याला आज काचेत कळलं एवढंच.

थर्मास सोडायचा नाही, आणि उजवा हात सुटत नाही. रविवार तर आलाच होता, जूनमधला शेवटचा.

त्या सकाळी पलंगाच्या कडेवर बसून मोजे चढवताना त्याला कंडक्टरकीचे दिवस आठवले. रात्रपाळीच्या बसमध्ये चोरांचा सुळसुळाट. शहाणे कंडक्टर मोठ्या नोटा खिशात ठेवत नसत, मोज्यात सरकवत. एल्बिओने हातातला मोजा पाहिला. मग घड्याळाकडे पाहिलं. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सोडला, तरी घोट्याभोवती पुरेना, तेव्हा बुटाची जुनी लेस जोडली आणि वरून मोजा ओढून घेतला. थर्मास काखेत, हात खिशात, कोपर बाहेर. दीपगृहाच्या अलीकडेच घोट्याला अशी गुदगुली झाली की गळवाल्यांच्या देखत त्याने उडी मारली.

दुपारी फोन आला. आज फाब्रिसिओने चेहरा दिसेल असा लावला होता; तो कुठल्या तरी उन्हातल्या चौकात, हातात कागदी पेल्यातली कॉफी घेऊन उभा होता.

"बाबा! हे काय, आज कमाल केलीस! मग इतके दिवस का नाही?" मग त्याने कपाळाला आठी घातली. "पण तुझी नाडी दिसत नाहीये. पट्टा सैल असेल. दाखव बरं घड्याळ."

"घड्याळ ठीक आहे."

"दाखव ना. हात वर कर."

एल्बिओने सुस्कारा टाकला, खुर्चीत मागे रेलला आणि फोनसमोर पाय वर केला. मोजा खाली ओढला.

फाब्रिसिओ इतका हसला की कॉफी सांडली. "पायात? बाबा, पायात?"

"बेडी पायातच असते. तूच म्हणालास."

"पण हाताला काय झालं?"

"डाव्या काखेत थर्मास असतो. हात हलत नाही. हात हलला नाही तर ते मोजणार काय, कपाळ?"

फाब्रिसिओचं हसणं थांबलं. त्याने हातातल्या कागदी पेल्याकडे पाहिलं. "थर्मास," तो म्हणाला. "मी विसरलोच रे. सगळ्या राम्बलाच्या काखेत थर्मास असतो आणि मला एकदाही आठवलं नाही. मी तुला खोटारडा म्हणालो."

"म्हणालास."

"चुकलो, बाबा." जरा थांबून तो पुन्हा मुद्द्यावर आला, मुलगा हुशार होता, अडचण दिसली की सोडवायला धावायचा. "मग उजव्या हातात घाल. सोपं आहे."

"उजवा मोकळा नाही."

"का? दुखतो? डॉक्टरांना दाखवलंस?"

सवय आहे, असं मिल्टनला सांगितलं तसं सांगून भागलं असतं. पण मिल्टन परका होता.

"दुखत नाही," एल्बिओ म्हणाला. "त्यात तुझ्या आईचा हात असतो."

पलीकडे चौकात एक मोटार गेली. मग एल्बिओने ती शेवटची सकाळ सांगितली. तुंबा, कोमट झालेलं पाणी, भांड्याजवळ उभं राहणं. सांगताना त्याने फोनकडे पाहिलं नाही, दुसऱ्या खणाकडे बघत सांगितलं.

"ती ग्रासियास म्हणाली नाही?" फाब्रिसिओने विचारलं.

"नाही."

"मग तुला थांबता येणारच नाही, बाबा."

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला, नियम सांगावा तसा. वृद्धाश्रमातल्या चांगल्या माणसांनी हे म्हटलं नसतं, दवाखान्यातल्या बाईंनी नसतं, मालागातल्या कुणालाही ते समजलं नसतं. एल्बिओचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी पोरगं क्षणभर घरी आलं होतं.

"ऊनियोनचं राहू दे," फाब्रिसिओ नाक ओढत म्हणाला. "मी कळवतो त्यांना. तू फिर." मग त्याला कुणीतरी हाक मारली. "बाबा, ठेवतो हं." आणि चौक, ऊन, कॉफी सगळं विझून फोनच्या काळ्या काचेत एल्बिओचाच चेहरा उरला.

पुढच्या रविवारी तो फोन समोर ठेवून बसला. फोन आला नाही. अंगठ्याचं चित्र आलं, आणि खाली, मस्त बाबा, असाच चालत राहा. त्याच्या पुढच्या रविवारीही अंगठाच. एल्बिओने त्याला दोष दिला नाही. आकडा रोज मालागाला पोचत होता, आता विचारण्यासारखं राहिलं काय होतं? खोटं बोलतोयस असं म्हणायला तरी पोरगं दर रविवारी येत होतं.

त्याने पाणी तापवलं, उकळी फुटायच्या आत उतरवलं, थर्मास भरला आणि जिना उतरला. हवा स्वच्छ होती, दक्षिणेचा वारा सुटला होता. वळणावर त्याने कोपर जरा जास्तच बाहेर काढलं. एक माटे तो स्वतःचा प्यायला, एक तिचा, आणि वाऱ्यात क्षणभर थांबून वाट पाहिली. कुणी काही म्हणालं नाही, तेव्हा त्याने पुन्हा ओतला. मोज्यातलं घड्याळ इमानेइतबारे मोजत होतं, आणि घड्याळाच्या हिशेबी राम्बलावरून एकच माणूस चालला होता.